सत्त्याहत्तरची रेघ

आमच्या घरात 'सत्त्याहत्तर' हा शब्द जरा जपूनच वापरला जायचा. म्हणजे जेवायला सगळे एकत्र बसलेले असताना तर नाहीच. कारण सत्त्याहत्तर म्हटलं की आजोबा आणि धाकटे काका एकमेकांकडे बघायचे थांबत, आणि आजी उगाचच कुणाला तरी भात वाढायला लागायची.

गोष्ट साधी होती. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत आजोबांनी गावी, म्हणजे सातारा मतदारसंघात, गायवासरावर शिक्का मारला. काका तेव्हा मुंबईत गोरेगावला राहायचे. त्यांनी नांगरधारी शेतकऱ्यावर मारला. नुसता मारला नाही, तर महिनाभर मृणालताई गोऱ्यांच्या प्रचारात चपला झिजवल्या. निकाल लागला तेव्हा काकांनी गावी पत्र टाकलं. ते पत्र मी पाहिलेलं नाही, पण त्यातलं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं : 'अण्णा, तुम्ही हुकूमशाहीला मत दिलंत.' त्यावर आजोबांनी उत्तर पाठवलं नाही. पुढचे दोन गणपती काका गावाला आले नाहीत. आजी विचारणाऱ्यांना सांगायची, त्याला रजा मिळाली नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. पुढे कॉलेजात गेल्यावर आणीबाणीबद्दल वाचलं आणि अर्थातच काकांच्या बाजूची झाले. कोण होणार नाही? एकीकडे तुरुंग, सेन्सॉर, नसबंदी. दुसरीकडे जयप्रकाश, दुर्गाबाई, एसेम. यात विचार करण्यासारखं काय होतं? आजोबांचं मत ही आपल्या घराण्याची एक चूक आहे असंच मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

मध्यंतरी त्या निवडणुकीचे महाराष्ट्रातले निकाल मतदारसंघवार उतरवून काढले. अठ्ठेचाळीस नावं, एका वहीत, हाताने. आणि मग लक्षात आलं की आमच्या घरातलं भांडण हे फक्त आमच्या घरातलं नव्हतंच.

'७७ ची लाट' असं आपण सहज म्हणतो. उत्तरेत ती लाट होतीच. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही नाही, बिहारमधल्या ५४ पैकी एकही नाही. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून पडल्या, अमेठीत संजय पडले. पण विंध्याच्या खाली उतरलं की चित्र उलटं. आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसला, कर्नाटकात २८ पैकी २६, केरळात काँग्रेस आघाडीला सगळ्या २० च्या २०. एकाच देशात, एकाच आठवड्यात, एकाच प्रश्नावर दोन निकाल लागले.

आणि महाराष्ट्र? काँग्रेस २०, विरोधक २८.

शेजाऱ्यांकडे एकदा बघा म्हणजे हे किती वेगळं होतं ते कळेल. मध्य प्रदेशात काँग्रेसला ४० पैकी १ जागा. गुजरातेत २६ पैकी १०. खाली कर्नाटक २६, आंध्र ४१. देशाचे दोन तुकडे पाडणारी जी रेघ होती, ती आपल्या राज्याच्या मधून गेली होती. लाट इथवर आली आणि इथे फुटली.

आता ही रेघ नेमकी कुठून गेली ते सांगते. इथून पुढे जरा आकडे आहेत, कंटाळू नका, गंमत त्यातच आहे.

मुंबईत सहा जागा. सहाही काँग्रेसने गमावल्या. दक्षिण मुंबईत रतनसिंह राजदा, दक्षिण मध्यमध्ये रिपब्लिकनांचे बापूसाहेब कांबळे, उत्तर मध्यमध्ये मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर, ईशान्येला सुब्रमण्यम स्वामी, वायव्येला राम जेठमलानी, उत्तरेला मृणाल गोरे. यांपैकी जेठमलानींनी हरवलं ते ह. रा. गोखल्यांना, म्हणजे आणीबाणीतल्या कायदामंत्र्यांना! अटकेच्या धाकाने परदेशात जाऊन राहिलेला वकील परत येतो आणि कायदामंत्र्याला पाडतो, हे कादंबरीत लिहिलं तर लोक म्हणतील फारच जुळवून आणलंय.

कोकणात, ठाण्यापासून खाली राजापुरापर्यंत, पाच जागा. पाचही विरोधकांना. ठाण्यात रामभाऊ म्हाळगी, डहाणूत लहानू कोम, कुलाब्यात दि. बा. पाटील, रत्नागिरीत बापूसाहेब परुळेकर, राजापुरात मधू दंडवते. दंडवते बंगलोरच्या तुरुंगातून सुटून आलेले, पुढे रेल्वेमंत्री झाले.

मराठवाड्यात आठ. त्यातल्या सात विरोधकांना. औरंगाबादेत बापू काळदाते, लातुरात शेकापचे उद्धवराव पाटील, बीडमध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. आणि नांदेडला शेकापचे केशवराव धोंडगे, तेही आणीबाणीत तुरुंगात राहून आलेले. नांदेड म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचा जिल्हा. मुख्यमंत्र्यांच्या घरची जागा गेली.

नाशिक-खानदेशात सहा. चार विरोधकांना, धुळे आणि नंदुरबार तेवढे काँग्रेसकडे राहिले.

आता उलटी बाजू. विदर्भात अकरा. आठ काँग्रेसला. बुलढाणा रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाकडे गेलं, भंडारा आणि चंद्रपूर जनता पक्षाकडे, बस्स. संघाचं मुख्यालय असलेल्या नागपुरातसुद्धा काँग्रेसच निवडून आली. मध्य प्रदेशातली काँग्रेसची ती एकुलती एक जागा कुठली माहीत आहे? छिंदवाडा. नागपूरला अगदी लागून.

आणि पश्चिम महाराष्ट्र, पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत, नगर आणि सोलापूर धरून. बारा जागा. पुण्यात मोहन धारिया, बारामतीत संभाजीराव काकडे, कोल्हापुरात दाजीबा देसाई हे तीन सोडले तर नऊच्या नऊ काँग्रेसला. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण, कऱ्हाडला प्रेमलाकाकी.

बेरीज करा : विदर्भ आठ, पश्चिम महाराष्ट्र नऊ, खानदेश दोन, मराठवाडा एक. वीस.

वहीत ही बेरीज जुळली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो नसबंदीचा. उत्तरेत काँग्रेस बुडाली ती मुख्यतः नसबंदीच्या सक्तीमुळे, असं आपण सगळीकडे वाचतो. पण महाराष्ट्र काही यात मागे नव्हता. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेणारं राज्य आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. आणि त्याच वर्षी बार्शीत जे झालं ते त्या काळावरच्या पुस्तकांतून आलेलं आहे : बाजाराला आलेल्या माणसांना धरून नेऊन शस्त्रक्रिया. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. सोलापूर आणि पंढरपूर या त्या जिल्ह्यातल्या दोन्ही जागा काँग्रेसनेच जिंकल्या!

मग लोकांना काहीच वाटलं नाही का? मला नाही तसं वाटत. वाटलं असणारच. पण मत देताना माणूस एका पारड्यात काय काय टाकतो हे बाहेरून कळत नाही. ७२ चा दुष्काळ तेव्हा फक्त पाच वर्षांपूर्वीचा होता. खडी फोडून का होईना, हाताला काम आणि कामाला दाम मिळालं होतं, वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी तेव्हा राज्यभर सुरू झाली होती. १९७५ मध्ये लहान शेतकरी आणि शेतमजुरांची सावकारी कर्जं माफ करणारा कायदा आला होता. ऊसपट्ट्यात सहकारी कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक, शाळा, सगळ्यांवर काँग्रेसचीच माणसं, आणि ती माणसं नात्यागोत्यातली. मुंबईत आणीबाणी म्हणजे पहाटे दारावर पडलेली थाप होती. आमच्या गावात आणीबाणी म्हणजे एसटी वेळेवर येते आणि तलाठी जागेवर सापडतो, एवढंच होतं. निदान बऱ्याच लोकांना तेवढंच दिसत होतं.

हे मी आजोबांच्या वतीने सबबी म्हणून सांगत नाहीये. दिसलं तेवढंच, हाच खरा मुद्दा आहे, कारण न दिसण्याची सोय सेन्सॉरने केली होती. पण मग मराठवाड्यातही सेन्सॉर होताच की. तिथे सात जागा कशा गेल्या? तिथलं दुखणं आणीबाणीच्या आधीचं होतं. १९७४ साली विकासाच्या अनुशेषावरून मोठं आंदोलन झालं होतं, गोळीबार झाला होता. निजामाशी लढलेली एक पिढी अजून हयात होती. शेकापची, कम्युनिस्टांची, समाजवाद्यांची मुळं होती. आणि या वेळी ते सगळे एकमेकांविरुद्ध उभे राहिले नाहीत. १९७१ साली महाराष्ट्रात काँग्रेसने ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या होत्या. विरोधकांची तोंडं चार दिशांना असल्यावर दुसरं काय होणार? ७७ ला जनता पक्ष, शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकनांचा एक गट यांनी जागा वाटून घेतल्या. एकास एक लढत झाली आणि ४२ च्या २० झाल्या.

मुंबईतली गोष्ट तर मला सगळ्यात विलक्षण वाटते. जनता पक्षाचा सर्वांत मोठा नेता कोण? मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री. शंभराहून जास्त हुतात्मे झाले त्या लढ्यात. गिरगाव-लालबागच्या चाळींमधून मोरारजींचं नाव कसं घेतलं जायचं ते जुन्या लोकांना विचारा, इथे लिहिता येणार नाही. आणि वीस-एकवीस वर्षांनी त्याच मुंबईने मोरारजींच्या पक्षाच्या आणि मित्रपक्षांच्या बाजूने सहाच्या सहा जागा दिल्या. ज्या एसेम जोशींनी मोरारजींविरुद्ध समिती उभी केली, तेच एसेम आता मोरारजींच्या पक्षासाठी सभा घेत होते. मी एकदा काकांना विचारलं, "तुम्हाला जड नाही गेलं?" तर म्हणाले, "गेलं. पण मत मोरारजीला नव्हतं दिलं. मृणालताईंना दिलं."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा तसंच सोडून दिलं होतं. वहीत निकाल लिहिताना ते परत आठवलं. कारण आजोबाही हेच म्हणायचे. त्यांना कुणी छेडलंच तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मी बाईला नाही दिलं. यशवंतरावांना दिलं." आम्ही हसायचो. गायवासरावर शिक्का मारायचा आणि बाईला नाही दिलं म्हणायचं, ही शुद्ध पळवाट!

म्हणून मग मी वहीचं पान उलटून १९८० चे निकाल उतरवले.

मधल्या तीन वर्षांत काय झालं ते थोडक्यात सांगते. १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली. इंदिराबाईंची वेगळी, यशवंतराव-रेड्डी वगैरेंची वेगळी. त्याच फेब्रुवारीतल्या विधानसभेत दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, आणि विदर्भ इंदिराबाईंकडे गेला. म्हणजे विदर्भातली ७७ ची मतं बरीचशी खरोखरच त्यांची होती. इकडे लोकसभेत यशवंतराव आधी विरोधी पक्षनेते होते. आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला कुणी? यशवंतरावांनीच. सरकार पडलं, यशवंतराव चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. म्हणजे आजोबांच्या खासदाराने काकांचं सरकार पाडलं! आधीचे दोन गणपती न आलेले काका त्या वर्षीही आले नाहीत, हे सांगायला नकोच.

जानेवारी १९८० ची निवडणूक. इंदिराबाई परत आल्या. महाराष्ट्रात त्यांना ४८ पैकी ३९ जागा. जनता पक्षाला ८. उरलेली एक.

त्या आठ जागा कुठल्या? मुंबईतल्या पाच, आणि ठाणे, रत्नागिरी, राजापूर. सगळ्या किनाऱ्यावरच्या. मराठवाड्यातल्या सातपैकी एकही राहिली नाही. पुणं गेलं, बारामती गेली, नाशिक-खानदेश गेलं. ७७ ला राज्याच्या मधून गेलेली रेघ तीन वर्षांत समुद्रापर्यंत मागे सरकली होती. किनाऱ्यावर दंडवते होते, म्हाळगी होते, वर्षानुवर्षं बांधलेली माणसं होती. तिथे ती टिकली. बाकी ठिकाणी लोकांनी काँग्रेसला एकदा शिक्षा केली, आणि दिल्लीतली भांडणं बघितल्यावर शिक्षा मागे घेतली.

आणि ती उरलेली एक जागा?

सातारा. यशवंतराव चव्हाण. इंदिरा काँग्रेसच्या विरोधात उभे राहून निवडून आलेले.

मी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. ७७ साली इंदिराबाईंच्या विरोधात देश गेला तेव्हा सातारा त्यांच्या चिन्हावर. ८० साली देश आणि जवळजवळ सगळा महाराष्ट्र इंदिराबाईंकडे गेला तेव्हा सातारा त्यांच्या विरोधात. दोन्ही वेळा उमेदवार एकच. आजोबा पळवाट काढत नव्हते. ते जे सांगत होते ते मतमोजणीच्या कागदावर लिहिलेलं होतं, आम्ही कुणी बघितलं नव्हतं इतकंच.

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण तेवढ्याने होत नाही.

कारण यशवंतराव आणीबाणीतल्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात ते स्वागताध्यक्ष, आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. यशवंतराव तिथेच होते. पुस्तकांचा माणूस, लोकशाहीचा माणूस, बेचाळीसला स्वतः भूमिगत झालेला माणूस. त्यांना आत काय वाटत असेल याबद्दल आजवर पुष्कळांनी लिहिलंय. पण त्यांनी राजीनामा दिला नाही. आणि आजोबांनी त्यांना दिलेलं मत लोकसभेत मोजलं गेलं ते काँग्रेसच्याच रकान्यात. तुम्ही माणसाला मत देता, पण मतपेटीतून बाहेर येताना ते एकट्या माणसाचं राहत नाही. बार्शीचा बाजार, तुरुंगातले लोक, सगळं त्याला चिकटून येतं. काकांचं पत्रातलं वाक्य कडू होतं, पण चूक नव्हतं.

तसंच काकांचं मतही एकट्या मृणालताईंचं राहिलं नाही. त्यातून मोरारजी आले, चरणसिंग आले, अडीच वर्षांची ती भाऊबंदकी आली. काका ते स्वतःच सांगतात.

मला वाटतं, आपण ७७ ची गोष्ट सांगतो ती फार सरळ करून सांगतो. जनता जागी झाली आणि हुकूमशाही हरली. उत्तरेच्या माणसाला ती तशी सांगता येत असेल. महाराष्ट्रातल्या माणसाला येत नाही; आपले २८ आणि आपले २० दोन्ही आपलेच आहेत. रेघ राज्यातून गेली, जिल्ह्यातून गेली आणि पुष्कळ घरांमधून गेली असणार. आमच्या घरात ती जेवणाच्या पाटांमधून गेली. रेघेच्या अलीकडचे सगळे शहाणे आणि पलीकडचे सगळे भित्रे, असं म्हणणं सोपं आहे. पण मग ८० सालच्या साताऱ्याचं काय करायचं? आणि पलीकडच्यांना काहीच माहीत नव्हतं, ते भोळे होते, असं म्हणणंही सोपं आहे. पण मग बार्शीचं काय करायचं?

आजोबा जाऊन आता तीस वर्षांच्या वर झाली. काका ऐंशीच्या घरात आहेत. मागच्या महिन्यात मी त्यांना वही नेऊन दाखवली. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं नीट बघितली. मुंबईच्या सहा नावांवर जरा रेंगाळले, अहिल्याताईंच्या एका सभेची आठवण सांगितली. मग ८० चं पान. साताऱ्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या वेळी अण्णांनी कुणाला दिलं होतं, मी विचारलंच नाही कधी."

मी म्हटलं, "यशवंतरावांनाच. आजी सांगायची."

"हं," म्हणाले, आणि वही मिटून परत दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "विचारायला हवं होतं."

तुमच्या घरात ७७ ला मत दिलेलं कुणी असेल अजून, तर विचारून घ्या. कुणाला दिलं एवढंच नका विचारू. त्याच्या पुढच्या वेळी कुणाला दिलं, तेही विचारा.